दुसरा झटका

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. लग्नसराई उतरणीला लागली आहे आणि तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत तीन-चार लग्नांचे अल्बम अजून व्हायचे आहेत. दुपारी चारच्या सुमारास आभाळ भरून येतं, वळीव वाऱ्यासकट कोसळतो आणि डीपीवर कुठेतरी न्यूट्रलची तार तुटते. स्टुडिओतले दिवे विझत नाहीत, उलट डोळे दिपतील इतके झगझगतात. पंखा गरगर सुटतो. टेबलाखालून ‘फट्’ असा आवाज येतो, जळका वास सुटतो आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्कचा इवला दिवा मालवतो.

छायाचित्रकार घाईने मेन स्विच पाडतो. तासाभराने वायरमन तार जोडून जातो आणि लाईट सुरळीत होते. कॉम्प्युटर चालू होतो, डिस्क मात्र होत नाही, कारण तिचा अ‍ॅडाप्टर गेला आहे. नवरीकडच्यांचे फोन येताहेत. टेबलावर लॅपटॉपचा चार्जर पडलेला असतो. त्याची पिन डिस्कच्या भोकात बसते. बटण दाबलं जातं.

हा प्रसंग नमुन्यादाखल रचला आहे, पण यातली प्रत्येक पायरी डेटा रिकव्हरी करणाऱ्यांच्या ओळखीची आहे. मेख शेवटच्या दोन वाक्यांत आहे. वळवाने त्या डिस्कचं बहुधा काहीच बिघडवलं नव्हतं. तिला मारलं ते त्या चार्जरने.

आधी पहिला झटका. आपल्या घरात येते ती एक फेज आणि न्यूट्रल, त्यांच्यामधला दाब २३० व्होल्ट. न्यूट्रल तुटली की एका फेजवरची घरं दुसऱ्या फेजवरच्या घरांशी ओळीने जोडल्यासारखी होतात आणि दोन फेजमधला जवळपास ४०० व्होल्टचा दाब त्यांच्यात वाटला जातो. ही वाटणी समान नसते. ज्या घरात कमी उपकरणं चालू असतील त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट येतात. अ‍ॅडाप्टर आत आलेली वीज आधी एकदिश करतो. २३० व्होल्टचे अशा वेळी सुमारे ३२५ होतात, आणि ते साठवणारा कपॅसिटर बहुधा ४०० व्होल्टपर्यंतचा असतो. मुळात साडेतीनशे-चारशे व्होल्ट आले, तर एकदिश दाब पाचशेच्या आसपास जातो आणि कपॅसिटर फुटतो. फट् आवाज त्याचा. पण अ‍ॅडाप्टरच्या पोटात एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, ज्याची एक बाजू भिंतीकडे आणि दुसरी डिस्ककडे. दोन्हींमध्ये तारेचा संबंध नसतो. त्यामुळे भिंतीकडची बाजू जळून गेली तरी डिस्कपर्यंत बहुतेकदा काही पोहोचत नाही. अ‍ॅडाप्टर स्वतः मरतो आणि डिस्कला राखतो. बारा व्होल्टचा, तेवढ्याच अँपिअरचा दुसरा अ‍ॅडाप्टर आणून लावला असता, तर त्या संध्याकाळी अल्बमचं काम पुढे गेलं असतं.

घात करते ती पिन. गोल पिनेचा बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर हे माप इतकं सर्रास आहे की राउटर, डिस्क, लॅपटॉप, सीसीटीव्ही अशा कितीतरी वस्तूंना तेच असतं. एकीत पाच व्होल्ट, दुसरीत बारा, तिसरीत एकोणीस. आकार सारखा म्हणून वस्तू सारखी असा माणसाच्या हाताचा समज असतो, आणि तो इथे महागात पडतो.

आता बारा व्होल्टच्या डिस्कवर एकोणीस व्होल्ट आले आहेत. डिस्कच्या पाठीला हिरवा किंवा निळा सर्किट बोर्ड असतो. जिथे वीज आत येते त्या सॉकेटजवळच, तुरीच्या डाळीएवढे दोन काळे चौकोनी तुकडे चिकटवलेले दिसतात. हे टीव्हीएस डायोड. एक पाच व्होल्टच्या वाटेवरचा पहारेकरी, दुसरा बाराच्या. दाब ठरल्या मर्यादेत असेपर्यंत हे नुसते बसून असतात, त्यांच्यातून वीज जवळपास वाहतच नाही. बारा व्होल्टच्या वाटेवर सर्रास वापरला जाणारा डायोड सव्वातेरा ते पावणेपंधरा व्होल्टच्या दरम्यान जागा होतो आणि जास्तीची वीज स्वतःतून थेट जमिनीकडे, म्हणजे परतीच्या वाटेकडे, वळवतो. मागच्या नाजूक चिप वाचतात.

या डायोडची ताकद ६०० वॉटची सांगतात, पण ती सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती. वीज चमकली, स्विच पडला, अशा क्षणभराच्या धक्क्यासाठी तो घडवलेला असतो. सलग भार त्याला काही वॉटचाच पेलतो. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉट सलग ओततो. डायोड तापतो, आतली पट्टी वितळते आणि तो कायमचा शॉर्ट होतो. आता बारा व्होल्टची वाट आणि परतीची वाट एकच झाली. कुठलाही अ‍ॅडाप्टर लावा, त्याला समोर सरळ शॉर्ट दिसतं आणि तो स्वतःला वाचवायला बंद पडतो. काहींचा दिवा लुकलुकत राहतो. डिस्क गप्प. आवाज नाही, कंप नाही, बोटाला ऊब नाही.

पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, बोर्डवर काम करणारा जाणता कारागीर अशी डिस्क हातात आली की आधी वीज लावत नाही. तो मल्टीमीटरची चकती बीपवर फिरवतो, काळं टोक डिस्कच्या धातूच्या अंगाला टेकवतो आणि लाल टोक डायोडच्या एकेका कडेला. दोन्ही कडांना मीटरने लांब ‘बीऽऽप’ दिलं की त्याचा चेहरा खुलतो. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण ते बीप म्हणजे पहारेकरी जागेवरच पडला आहे याची खूण. पहारेकरी दारात पडला असेल, तर आतलं घर शाबूत असण्याचा संभव मोठा. हॉट एअरचा झोत, चिमट्याची एक अलगद उचल, आणि डायोड निघून येतो. मग तो पुन्हा मोजतो. शॉर्ट गेलं असेल आणि शेजारचा फ्यूज किंवा शून्य ओहमचा रेझिस्टर उडाला नसेल, तर खात्रीच्या बारा व्होल्टवर डिस्क लावली की ती फिरते.

अशा तऱ्हेने जिवंत झालेल्या डिस्कवर आता पहारा नाही. तिच्यावरचा सगळा डेटा दुसरीकडे उतरवून घ्यायचा आणि तिला निवृत्त करायचं, एवढंच तिचं उरलेलं काम. कारागीर हे सांगतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं. ‘चालतेय ना’ म्हणून तीच डिस्क पुढच्या हंगामालाही वापरणारे कमी नाहीत, आणि त्यांची डिस्क परत आली तर या वेळी डायोडच्या जागी मुख्य चिप गेलेली असते.

कधी कधी डिस्कला काहीच झालेलं नसतं, तिच्या खोक्याला झालेलं असतं. एक्स्टर्नल डिस्क म्हणजे साधी साटा डिस्क आणि तिच्यापुढे बसवलेला दुभाषा. हा छोटा ब्रिज बोर्ड एका बाजूला साटा बोलतो, दुसऱ्या बाजूला यूएसबी. तो जळला तर खोकं उघडून डिस्क सरळ कॉम्प्युटरच्या साटा केबलला जोडली की काम भागतं. निदान भागायला हवं. पण वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक आणि माय पासपोर्ट मालिकेतल्या अनेक डिस्कमध्ये हा दुभाषा गुप्तलेखकही असतो. वापरणाऱ्याने पासवर्ड कधीच घातला नसला, तरी जाणारा प्रत्येक बाइट तो कूटबद्ध करूनच आत लिहितो. अशी डिस्क खोक्याबाहेर काढून जोडली तर कॉम्प्युटरला अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसतो. त्याच जातीचा ब्रिज मिळवून, किंवा डिस्कच्या शेवटाकडे ठेवलेली किल्ली वाचून, कुलूप उघडावं लागतं. या ब्रिज चिपच्या कूटलेखनाचा तीन संशोधकांनी खोलात जाऊन अभ्यास केला आणि २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात या कुलपांच्या बऱ्याच उणिवा उघड झाल्या. छोट्या अडीच इंची डिस्कमध्ये तर अनेकदा वेगळा ब्रिजच नसतो. यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या बोर्डवर असतं आणि साटाची वाटच उरत नाही.

कूटबद्ध डिस्क अशी सरळ जोडली की एक घातक क्षण येतो. ओळखीचं काहीच न दिसल्यामुळे विंडोज अदबीने विचारतं, ही डिस्क फॉरमॅट करायची का? घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणतो.

डायोड वाचवू शकला नाही, तर पुढचा बळी बहुधा मोटर चालवणाऱ्या चिपचा. बोर्डवरच्या मोठ्या चिपांपैकी ही एक. ज्यांच्यावर डेटा लिहिलेला असतो त्या थाळ्या फिरवणं आणि त्यांवरून वाचणाऱ्या हाताला हलवणं ही दोन्ही कामं तिचीच. ती जळली की पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक पडतं किंवा फोड येतो, आणि वास तर खोकं उघडल्या उघडल्या सांगून जातो. चालत्या डिस्कची वीज अचानक गेली तरी तिची एक हिकमत असते. फिरत्या थाळ्यांच्या उरलेल्या गतीवर मोटर क्षणभर जनित्र बनते आणि त्या एवढ्याशा विजेवर वाचणारा हात मागे घेऊन सुरक्षित जागी लावला जातो. हे घडवून आणणारी चिपही हीच. तीच जळली, तर हात वाटेत, थाळीवरच चिकटून राहण्याचा धोका असतो.

‘बोर्ड बदलून टाकू’ हा उपाय बाजारात पटकन सुचवला जातो. १९९० च्या दशकात तो चालायचाही. त्याच मॉडेलची डिस्क आणायची, बोर्ड उतरवायचा, याला चढवायचा, झालं. आज तसं होत नाही, आणि त्याचं कारण डिस्क कशी घडते त्यात आहे. साडेतीन इंची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते. कडेला थाळीचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. त्या थाळीवरून वाचणारं हेड काही नॅनोमीटरच्या उंचीवर तरंगतं. माणसाचा केस त्या उंचीच्या हजारो पट जाड असतो. एवढ्या बारीक कामात कुठलीही दोन हेड हुबेहूब सारखी निघत नाहीत. म्हणून कारखान्यात प्रत्येक डिस्कचं, प्रत्येक हेडचं बारकाईने मोजमाप होतं, आणि याला किती वीज द्यायची, त्याला किती सरकवायचं, कोणतं हेड वापरायचंच नाही, अशी खास त्या डिस्कची टिपणं तिच्यातच लिहून ठेवली जातात. त्यातली सुरुवातीची, ज्यांच्यावाचून डिस्क उठूच शकत नाही अशी टिपणं बहुधा बोर्डवरच्या आठ पायांच्या एका इवल्या रॉम चिपमध्ये असतात. काही बोर्डांवर ती मुख्य चिपच्या पोटातच असतात.

दुसऱ्या डिस्कचा बोर्ड चढवला की त्याच्याबरोबर दुसऱ्याच डिस्कची टिपणं येतात. डिस्क फिरते, हेड भलत्या मापाने शोधत राहतं, काही सापडत नाही, ते मागे येतं, पुन्हा जातं. टक्, टक्, टक्. नवा बोर्ड घालूनही डिस्क क्लिक करते म्हणून ‘आतलं गेलं’ असा निष्कर्ष निघतो, आणि अनेकदा तो चुकीचा असतो. नीट करणारा माणूस आधी डोनर, म्हणजे दुसऱ्या डिस्कवरून आणलेल्या, बोर्डचा क्रमांक मूळ बोर्डशी ताडून बघतो. मग जळक्या बोर्डवरची आठ पायांची चिप उतरवून नव्यावर बसवतो, किंवा प्रोग्रॅमरने तिच्यातला मजकूर वाचून नव्या चिपमध्ये भरतो. मजकूर मोठा नसतो, मोबाइलवरच्या एखाद्या फोटोपेक्षाही लहान. पण त्या डिस्कपुरता जगात तो एकच असतो. जळका बोर्ड कचऱ्यात गेला, की साधं काम अतिशय अवघड होऊन बसतं.

यात सगळ्यात चांगली बातमी अशी की लिहिलेलं स्वतः विजेने जळत नाही. फोटो असतात थाळीवरच्या कोबाल्टच्या मिश्रधातूच्या अतिपातळ थरात, सूक्ष्म चुंबकीय ठिपक्यांच्या रूपात. ते पुसायला जबर बाह्य चुंबकीय क्षेत्र लागतं किंवा फार मोठी उष्णता. बोर्डवर आलेले जास्तीचे सात व्होल्ट चिपला भोक पाडतील, थाळीवरच्या ठिपक्यांना मात्र त्यांचा पत्ताही लागत नाही.

याचा सर्वात मोठा पुरावा अवकाशातून पडला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान पृथ्वीच्या वातावरणात परतताना टेक्सासच्या आकाशात फुटलं. त्यातले सातही अंतराळवीर गेले. कर्नालची कल्पना चावला त्यांच्यात होती. यानावर झेनॉन वायूचा एक प्रयोग होता. एका विशिष्ट तापमानाला आणि घनतेला झेनॉन वायू आणि द्रव यांच्या सीमेवर येतो. अशा झेनॉनला हलक्या हाताने ढवळलं तर त्याचा दाटपणा कसा बदलतो, हे मोजायचं होतं. पृथ्वीवर हे नीट मोजता येत नाही, कारण झेनॉन स्वतःच्या वजनाने खाली दाबला जातो. मोजमापांचा मोठा भाग उड्डाणादरम्यान रेडिओने खाली आला होता, उरलेला यानातल्या एका सीगेट डिस्कवर होता. तिची क्षमता सुमारे ४०० मेगाबाइट.

अपघातानंतर काही महिन्यांनी ती डिस्क एका कोरड्या पडलेल्या तळ्याच्या पात्रात सापडली. दिसायला ती धातूचा जळका गोळा होती. पाठीवरचा बोर्ड ओळखू येणार नाही इतका भाजलेला, त्यावरचे सुटे भाग गळून गेलेले. डिस्कचं तोंड बंद ठेवणारं सील वितळून आत माती शिरलेली. ती अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या क्रोल ऑनट्रॅक या कंपनीकडे गेली. जॉन एडवर्ड्स या अभियंत्याने थाळ्या काढल्या, रसायनाने स्वच्छ केल्या आणि नव्याने जुळवलेल्या डिस्कमध्ये बसवल्या. दोन दिवसांत सुमारे ९९ टक्के माहिती हाती आली. यात नशिबाचाही वाटा होता. प्रयोगाचा कॉम्प्युटर जुन्या डॉसवर चालत होता, आणि डॉस माहिती थाळीभर न विखुरता सलग लिहीत जातं. डिस्क पूर्ण भरलेली नव्हती, आणि मातीने ओरखडलेला भाग नेमका कोरा होता. यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच मिळालं नाही. झेनॉनच्या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू ई’ या नियतकालिकात छापून आला.

त्या डिस्कच्या बोर्डची राख झाली होती, तरी बोर्डवाचून काम अडलं नाही. आज तीच डिस्क नव्या जातीची असती, तर रॉममधली टिपणं गेल्याने एडवर्ड्स यांचं काम कितीतरी कठीण झालं असतं.

विजेचा झटका थाळीला काही करत नसला, तरी आतल्या एका गोष्टीला तो गाठू शकतो. हेडच्या हातावर, डिस्कच्या बंद भागात, एक छोटी चिप असते. हेडचा क्षीण संकेत वाढवून बाहेर पाठवणारी ही प्रीअँप. झटका तिच्यापर्यंत गेला तर बोर्ड कितीही नवा घाला, डिस्क टक्-टक् करणारच. मग हेडचा सगळा संच बदलावा लागतो, आणि ते काम साध्या टेबलावर होत नाही. यासाठी जी स्वच्छ जागा लागते, तिचं जुनं नाव ‘क्लास १००’. एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त नकोत. तरंगणाऱ्या हेडच्या दृष्टीने धुळीचा साधा कण म्हणजे रस्त्यातला धोंडा. यूट्यूबवर स्वयंपाकघराच्या ओट्यावर डिस्क उघडून दाखवणारे व्हिडिओ मिळतात. घरच्या डिस्कवर तसं करून बघणाऱ्याला पुढे मदत करणं जाणकारालाही फार अवघड होतं. मोठ्या क्षमतेच्या अनेक डिस्क २०१३ पासून हेलियमने भरून सीलबंद येऊ लागल्या आहेत. त्यांना उघडणं म्हणजे तो वायूच सोडून देणं.

डिस्क उठली, तरी लगेच फोल्डर उघडून फोटो बघत बसायचं नसतं. जाणकार आधी तिची सेक्टर-दर-सेक्टर प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवतो, आणि मूळ डिस्कवर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही अशी व्यवस्था करतो. प्रयोगशाळेत यासाठी रशियातल्या एस लॅबचं पीसी-३००० सारखं यंत्र असतं. फुकट मिळणारा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅमही खूप कामाचा आहे. तो सहज वाचले जाणारे भाग आधी उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि कुठे काय राहिलं याचा नकाशा लिहून ठेवतो. परत येऊन त्या जागांवर चिकाटीने काम करतो. निरोगी डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटने वाचली जात असेल, तर चार टेराबाइटची प्रत व्हायला साडेसात तास लागतात. दुखावलेल्या डिस्कला कित्येक दिवस. बिघडलेली फाइल सिस्टीम दुरुस्त करायचे प्रयोग मग त्या प्रतीवर करायचे, मूळ डिस्कवर कधीच नाही.

पुढच्या वेळी डिस्क गप्प झाली, तर वायर काढून ठेवा आणि ज्या अ‍ॅडाप्टरवर घटना घडली तो डिस्कबरोबरच न्या. नेमकं काय झालं, कोणता चार्जर लागला, हे लाज न बाळगता सांगा. बीपच्या जोडीला ती माहिती कारागिराचे बरेच कष्ट वाचवते. दुकानात एकच प्रश्न आवर्जून विचारा: आधी प्रत काढणार का? काम झालं किंवा नाही झालं, तरी जळका मूळ बोर्ड परत मागून घ्या आणि डिस्कबरोबर एकाच पिशवीत ठेवा. आणि आज रात्री टेबलावरच्या प्रत्येक अ‍ॅडाप्टरला, पिनेच्या लगत, एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर वस्तूचं नाव आणि व्होल्ट, ठळक अक्षरांत.